अक्कलदाढेची चौथी सीट

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस 'जरा सरका' म्हणत टेकतो. जागा नसतेच. तो अर्धा बाकावर, अर्धा हवेत. डोळा लागला की शेजाऱ्याच्या खांद्यावर रेलतो. खालच्या जबड्याचा एक्स-रे उजेडासमोर धरल्यावर दंतवैद्याला अनेकदा हेच दृश्य दिसते. पुढच्या दोन दाढा ताठ बसलेल्या आणि त्यांच्यामागे, जबड्याचे हाड कानाच्या दिशेने वर वळते त्या कोपऱ्यात, तिसरी दाढ पुढे झुकून शेजारणीला टेकलेली.

हा एक्स-रे म्हणजे ओपीजी. दोन्ही जबडे आणि झाडून सगळे दात एकाच लांबट चित्रात दाखवणारा. तो बहुतेक वेळा भलत्याच कारणासाठी काढलेला असतो. तारा लावायच्या असतात किंवा दुसऱ्याच दाताचे रूट कॅनाल असते. त्यात आडवी अक्कलदाढ दिसते आणि घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणते, लवंग धर. मामा म्हणतो, दाढ काढली की डोळ्यांवर परिणाम होतो. एक डॉक्टर सांगतात, 'आत्ताच काढून टाका, पुढे त्रास देईल.' दुसरे सांगतात, 'दुखत नाही ना? मग राहू दे.'

मामाचे म्हणणे लगेच बाजूला ठेवता येते. वरच्या दाढांची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस या दोन वेगळ्या वाटा आहेत. दाढ काढल्याने नजर जात नाही. लवंगेच्या तेलाने कळ काही काळ बधिर होते, कारण मात्र तसेच राहते. खरा पेच दोन डॉक्टरांच्या दोन उत्तरांचा आहे. दोघेही शिकलेले, दोघेही प्रामाणिक असू शकतात. मग उत्तरे दोन का?

जागा कुठे गेली?

अक्कलदाढ साधारणपणे सतरा ते पंचवीस या वयात येते. बाकीचे दात तोवर आपापल्या जागा धरून बसलेले असतात. हाडात किंवा शेजारच्या दाताला अडून ती पूर्ण बाहेर येऊ शकली नाही, की दंतवैद्य तिला 'इम्पॅक्टेड' म्हणतात. जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर सुमारे २४ टक्के लोकांमध्ये अशी किमान एक दाढ आढळते. उलट सुमारे २३ टक्के लोकांमध्ये एखादी तरी अक्कलदाढ मुळात तयारच होत नाही.

जबड्यात जागा कमी का पडते, याचे एक पटणारे उत्तर आपल्या ताटात आहे. नोरीन फॉन क्रॅमन-टॉबाडेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या माणसांच्या कवट्या मोजून २०११ साली दाखवले की, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांचे खालचे जबडे लांब आणि अरुंद होते, तर शेती करणाऱ्यांचे आखूड आणि रुंद. वाढत्या वयात जबड्याला चावण्याचे काम मिळाले की हाड वाढते. शिजवलेले, दळलेले, मऊ अन्न आले आणि ते काम कमी झाले. दातांचा आकार मात्र त्याच वेगाने घटला नाही.

अडकलेली दाढ कशी बसली आहे, यावर पुढचे बरेच ठरते. १९२६ साली जॉर्ज विंटर या अमेरिकी दंतवैद्याने केलेली वर्गवारी आजही दंत महाविद्यालयांत शिकवली जाते. उभी, पुढे झुकलेली, मागे झुकलेली, आडवी. खालच्या जबड्यात पुढे झुकलेली दाढ सर्वाधिक आढळते, आणि लोकलच्या बाकावरचा पेंगणारा प्रवासी तो हाच.

दुखत नाही म्हणजे बरे आहे?

दोन डॉक्टरांच्या दोन उत्तरांचे मूळ इथे आहे. 'त्रास नाही' आणि 'आजार नाही' या दोन गोष्टी बोलताना एकच होतात. दातांच्या बाबतीत त्या सहज वेगळ्या असू शकतात.

पुढे झुकलेल्या दाढेचा माथा शेजारच्या, म्हणजे दुसऱ्या दाढेच्या मागच्या बाजूला, हिरडीच्या रेषेजवळ टेकतो. त्या खाचेत अन्न अडकते. ब्रश तिथे पोचत नाही, धागाही नीट फिरत नाही. हळूहळू किडते ती दुसरी दाढ, आणि ती कीड मागच्या बाजूने, हिरडीखाली असल्याने आरशात दिसत नाही. कळ येते तेव्हा कीड बऱ्याचदा नसेपर्यंत गेलेली असते. तिथे नीट फिलिंग करायला हात पुरत नाही. कधी अक्कलदाढेबरोबर चांगली, रोज चावणारी दुसरी दाढही गमवावी लागते. कधी त्या खाचेत हिरडी हाडापासून सुटते आणि खोल खिसा तयार होतो. क्वचित दाढेभोवतीच्या पिशवीत पाणी साठून गाठ होते आणि ती आतल्या आत हाड पोखरते. यातले बरेचसे न दुखता घडू शकते.

उलटही खरे आहे. दाढ पूर्णपणे हाडात, खोलवर, शेजारणीपासून दूर आणि तोंडाशी कुठलीही वाट नसलेली असेल, तर ती वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. एक्स-रेमध्ये ती आडवी आणि भयंकर दिसते, पण अडकलेली असणे हा स्वतः आजार नाही.

आणि दुखते तेव्हा? अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची एक झडप राहते. तिच्याखाली अन्न आणि जंतू साठून सूज येते; दंतवैद्य याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. गाल सुजतो, तोंड उघडत नाही, कानात ठणका लागतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि झडपेखालची सफाई यांनी पहिली खेप बहुधा आटोक्यात येते. केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक घेऊन दर परीक्षेच्या वेळी तीच सूज पुढे ढकलत राहणे हा मात्र आपल्याकडचा घरगुती रिवाज आहे. ताप, गिळायला त्रास, जिभेखाली किंवा गळ्याकडे उतरणारी सूज दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते, कारण तो संसर्ग श्वासाची वाट अडवू शकतो.

ब्रिटनने थांबवले, मग काय झाले?

निरोगी अक्कलदाढ आगाऊ काढावी की नाही, यावर एका अख्ख्या देशाने धोरण ठरवले आणि त्याचे परिणाम पुढे मोजलेही गेले. मार्च २००० मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या नव्याने स्थापन झालेल्या संस्थेने उपचारांचे मूल्यमापन करून दिलेला पहिलाच सल्ला अक्कलदाढेबद्दल होता. आजार नसलेल्या अडकलेल्या दाढा आगाऊ काढण्याची पद्धत सरकारी आरोग्यसेवेत बंद करावी, असे त्यात म्हटले होते. न भरता येणारी कीड, गळू, हाडाचा संसर्ग, गाठ, शेजारच्या दाताची झीज अशी कारणे असतील तरच शस्त्रक्रिया. हिरडीच्या सुजेची पहिली खेप, फार तीव्र नसेल तर, पुरेसे कारण नाही. दुसऱ्यांदा आली तर विचार करावा.

तर्क सरळ होता. निरोगी दाढ काढून रुग्णाला काही मिळते याचा भक्कम पुरावा नाही आणि शस्त्रक्रियेचे धोके मात्र पक्के आहेत.

सुरुवातीला शस्त्रक्रिया घटल्या, पुढे आकडा पुन्हा चढला. 'ब्रिटिश डेंटल जर्नल'मध्ये २०१२ साली आलेल्या पाहणीनुसार, अक्कलदाढ काढून घेणाऱ्या रुग्णांचे सरासरी वय दहा वर्षांत सुमारे २५ वरून ३२ वर गेले आणि काढण्यामागचे कारण म्हणून किडीचा वाटा वाढला. बऱ्याच दाढा अखेर निघाल्याच, फक्त उशिरा, आणि काही वेळा शेजारणीला किडवून. पुढे झुकून दुसऱ्या दाढेला टेकलेल्या दाढेचा वेगळा विचार व्हावा, असा आग्रह तिथल्या शल्यदंतवैद्यांनी त्यानंतर धरला.

अटलांटिकच्या पलीकडे चित्र उलटे होते. अमेरिकेत कॉलेजला जाण्याआधी चारही अक्कलदाढा काढून घेणे ही मध्यमवर्गीय रीतच झाली होती. जे फ्रीडमन या दंतवैद्याने २००७ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये हिशेब मांडला. त्याच्या अंदाजानुसार वर्षाला पन्नास लाख लोकांच्या एक कोटी अक्कलदाढा काढल्या जात होत्या, आणि त्यांतल्या किमान दोन तृतीयांश अनावश्यक होत्या. अमेरिकी शल्यदंतवैद्यांच्या संघटनेला हे मान्य नव्हते.

तटस्थ परीक्षण काय म्हणते? उपलब्ध अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०२० चा आढावा सांगतो की, त्रास नसलेली आणि आजार नसलेली अडकलेली दाढ काढावी की ठेवावी, हे ठरवण्याइतका पुरावा कुठल्याच बाजूला नाही. ठेवायची ठरवली तर नियमित तपासणी करत राहावी, असेही तो बजावतो. दोन डॉक्टरांचा मतभेद इथून येतो. पुरावा जिथे संपतो तिथून पुढे प्रत्येकजण आपल्या खुर्चीत पाहिलेल्या रुग्णांवरून बोलतो.

एका मुद्द्यावर मात्र बरेच एकमत आहे. 'अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात' हे कारण टिकत नाही. अमेरिकेत १९७९ साली भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही पुढच्या दातांची गर्दी टाळण्यासाठी अक्कलदाढ काढण्याला फारसा आधार नसल्याचे म्हटले होते. पुढे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, दाढा काढलेल्या आणि ठेवलेल्या मुलामुलींच्या पुढच्या दातांत पाच वर्षांनंतरही लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. खालचे पुढचे दात वयानुसार थोडे गर्दी करतात. ज्यांना अक्कलदाढ आलीच नाही, त्यांचेही.

नस, वय आणि तंबाखू

काढायची म्हटले तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पहिली येते ती नस. खालच्या जबड्याच्या आतून एक नळी जाते आणि तिच्यातली नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. अक्कलदाढेची मुळे कधी या नळीला चिकटलेली असतात. ओपीजीत मूळ नळीला ओलांडते तिथे काळसर दिसत असेल किंवा नळीची पांढरी कड तुटलेली असेल, तर डॉक्टर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन सुचवतात. या नसेला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. तो लोंबत नाही, हलायचा थांबत नाही, पण चहा गरम आहे हे त्या बाजूला कळत नाही. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते. कायमची बधिरता शंभरात एकापेक्षाही कमी जणांना येते. आतल्या बाजूने जाणारी जिभेची नसही जवळच असते. मुळे नसेला फारच बिलगलेली असतील तर फक्त दाढेचा माथा कापून मुळे तशीच ठेवण्याचा पर्यायही असतो. त्याला कोरोनेक्टमी म्हणतात.

दुसरे वजन वयाचे. विशीच्या आसपास मुळे अजून पूर्ण झालेली नसतात आणि हाड थोडे लवचीक असते. तिशीनंतर हाड घट्ट होते, शस्त्रक्रिया लांबते, भरून यायला वेळ लागतो. 'काढायचीच असेल तर आत्ता' या डॉक्टरांच्या आग्रहामागे हे कारण असते. ते खरे आहे, पण त्यातला पहिला शब्द 'काढायचीच असेल तर' हा आहे.

महाराष्ट्रात तिसरे वजन तंबाखूचे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारी आणि गुटख्याने तोंड आखडलेले रुग्ण दंत महाविद्यालयांत रोज येतात. तोंड दोन बोटेही उघडत नसेल तर शेवटच्या दाढेपर्यंत हत्यार पोचणेच अवघड. दाढदुखीवर मिश्री चोळायची सवयही गावोगावी आहे. शस्त्रक्रियेनंतर तंबाखू किंवा सिगारेट घेतली, की जखमेतली रक्ताची गुठळी निसटून हाड उघडे पडायची शक्यता वाढते. हे 'ड्राय सॉकेट' साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी असे ठणकते की, रुग्ण दाढेपेक्षा त्याचीच आठवण जास्त काढतात.

शस्त्रक्रिया बहुतेकदा जागा बधिर करून, शुद्धीत असतानाच होते. हिरडी उघडतात, गरज पडली तर हाड थोडे कोरतात, दाढेचे तुकडे करून काढतात, टाके घालतात. दोन-तीन दिवस गाल सुजतो. त्या वेदनेची एक गंमत आहे. ती मध्यम ते तीव्र असते, ठरावीक वेळी सुरू होते आणि रुग्ण तरुण, धडधाकट असतात. म्हणून नवी वेदनाशामके तपासताना जगभरचे संशोधक अक्कलदाढ काढलेल्या लोकांवरच चाचण्या घेतात. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही साधी जोडगोळी इथे किती चांगली चालते, हे त्यातूनच कळले. पोटाचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

खुर्चीवरून उठण्याआधी मग विचारायचे प्रश्न चारच. दुसऱ्या दाढेच्या मागच्या बाजूला कीड किंवा खिसा आहे का? दाढ तोंडात डोकावते आहे की पूर्ण हाडात आहे? नस किती जवळ आहे? आणि ठेवली तर पुन्हा कधी दाखवायची? वरची आणि खालची, डावी आणि उजवी यांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. एक काढायची म्हणून चारही काढायच्या असे नसते. मतभेद असला तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात ओरल सर्जरीच्या ओपीडीत दुसरे मत मिळते. जाताना जुना ओपीजी न्यावा. दोन वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या चित्रातला फरक एकट्या चित्रापेक्षा जास्त सांगतो.

दाढ ठेवायची ठरली तर रोजच्या कामात एक छोटी दुरुस्ती करावी लागते. मागचे घासताना बहुतेकजण तोंड मोठे वासतात. त्याने गाल ताणला जाऊन शेवटच्या दाढेला चिकटतो आणि ब्रश अडतो. तोंड अर्धवट मिटून जबडा किंचित त्या बाजूला सरकवला की गाल सैल पडतो, आणि लहान डोक्याचा ब्रश दुसऱ्या दाढेच्या मागे, त्या टेकलेल्या खांद्यापर्यंत पोचतो.