पडद्यावरची फटफटी

फटफटी आपल्याला नवी नाही. बाजाराला, शेतावर, दवाखान्यात, लग्नकार्याला आपण तिच्यावरूनच जातो. पण अलीकडे आणखी एक फटफटी घरात शिरली आहे. तिला पेट्रोल लागत नाही. ती धूर सोडत नाही. ती धावते मोबाइलच्या पडद्यावर. पोरे तिच्यापुढे मान खाली घालून बसतात. "अरे, काय चाललंय?" असे आपण विचारतो. "गेम खेळतोय," एवढेच उत्तर मिळते.

हा खेळ आहे तरी कसा? ती गाडी पळते कशी? तो फुकट कसा मिळतो? आणि त्यात जपायचे काय? हे आज आपण नीट समजून घेऊ.

खेळ येतो कोठून?

मोबाइलमध्ये ब्राउझर नावाचे एक साधन असते. ब्राउझर म्हणजे नेटवरची पाने उघडून दाखवणारी खिडकी. आपला सातबारा आपण याच खिडकीतून पाहतो. बाजारभाव आणि बातम्याही तिच्यातूनच वाचतो. हा शर्यतीचा खेळही तसाच एका पानावर असतो.

पान उघडले की दूरच्या संगणकावरून दोन गोष्टी आपल्या मोबाइलमध्ये उतरतात. एक, चित्रे आणि आवाज. दुसरी, सूचनांची यादी. कोणते बटण दाबले तर काय करायचे, हे त्या यादीत लिहिलेले असते. मग आपला मोबाइल ती यादी पाळतो. म्हणून काही खेळ एकदा उघडले की नेट गेले तरी चालू राहतात.

फटफटीचे खेळ मात्र मोबाइलपेक्षा जुने आहेत. १९८४ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'एक्साइटबाइक' नावाचा खेळ काढला. त्यात जोर फार वेळ लावला तर इंजिन तापायचे आणि गाडी थांबायची. १९८५ साली जपानच्याच सेगा कंपनीने 'हँग-ऑन' काढला. त्यात खेळणारा खोट्या फटफटीवर बसायचा. तो डावीकडे कलला की पडद्यावरची गाडीही डावीकडे वळायची.

पुढे असे खेळ नेटवर आले. पुष्कळ वर्षे त्यांना 'फ्लॅश' नावाचे जोडसाधन लागे. ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने २०२० सालच्या अखेरीस त्याची देखभाल बंद केली. आता ब्राउझर स्वतःच खेळ चालवतो. वेगळे काही बसवावे लागत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

खेळतात कसे?

असे खेळ अनेक तऱ्हांचे आहेत. त्यातला एक सोपा प्रकार घेऊ. यात गाडी बाजूने दिसते. वाट डावीकडून उजवीकडे जाते. वाटेत चढ असतात, उतार असतात, खड्डे असतात, मोडके पूल असतात. कमी वेळात शेवट गाठायचा, एवढाच डाव.

बटणे चारच. एक वेग वाढवते. दुसरे ब्रेक लावते. तिसऱ्याने गाडीचे तोंड वर उचलते. चौथ्याने ते खाली झुकते. संगणकावर ही कामे बाणांच्या बटणांनी होतात. मोबाइलवर ती बटणे पडद्यावरच दिसतात.

तुम्ही म्हणाल, "यात अवघड ते काय?" एकदा खेळून बघा. नवखा माणूस वेगाचे बटण सोडतच नाही. गाडी चढावरून उडते, हवेत उलटते आणि डोक्यावर आपटते. चांगला खेळणारा चढ येण्याआधीच बोट उचलतो. उतारावर उतरायचे असेल तर तो गाडी उताराइतकीच झुकवतो. मग दोन्ही चाके एकदम टेकतात आणि गाडी घसरत नाही. नुसत्या जोरावर हा डाव जिंकता येत नाही. त्याला अंदाज लागतो.

वाटेत जागोजाग झेंडे असतात. गाडी पडली की मागच्या झेंड्यापासून पुन्हा सुरुवात होते. यातच या खेळाची गोडी आहे. पडल्यावर क्षणात पुन्हा उभे राहता येते. म्हणून "आणखी एकदाच" म्हणत पोर तासभर बसून राहते.

गाडी पळते कशी?

तंबूतला सिनेमा तुम्हांला आठवत असेल. त्या फिल्मवर एकेक चित्र वेगळे असते. सेकंदाला अशी २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. ती इतकी भराभर जातात की आपल्याला माणसे चालताना दिसतात.

खेळातही असेच होते. बहुतेक मोबाइलवर सेकंदाला ६० चित्रे बदलू शकतात. पण एक मोठा फरक आहे. सिनेमाची चित्रे आधीच तयार असतात. नायक पडायचा असेल तर तो दर खेळाला पडतोच. आपल्या खेळाची चित्रे आधी तयार नसतात. आपण बोट दाबू तसे पुढचे चित्र बनते.

ते कसे? दुकानदार वहीत हिशेब ठेवतो ना, तसा मोबाइल एक हिशेब ठेवतो. गाडी कोठे आहे? वेग किती? तोंड कोणीकडे? दर चित्राआधी तो हे आकडे नवे करतो. वेगाचे बटण दाबले असेल तर वेगात थोडी भर घालतो. ब्रेक दाबला असेल तर वजा करतो. गाडी हवेत असेल तर तिला थोडी खाली ओढतो. चाक जमिनीला लागले का, हे पाहतो. डोके लागले का, हेही पाहतो. मग नव्या जागी गाडीचे चित्र काढतो. हे सारे सेकंदात ६० वेळा! बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार, यांच्यावरच ही शर्यत चालते.

जमिनीची ओढ

आता खरी मेख ऐका. पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. सोळा फूट उंच फांदीवरून दगड सोडा. तो सुमारे १ सेकंदात खाली येतो. पुण्यात सोडा नाही तर पंढरपुरात सोडा, त्यात फरक पडत नाही.

खेळातली ओढ तशी नाही. तेथे ती नुसता एक आकडा आहे. खेळ बनवणारा तो आकडा आपल्या मर्जीने ठरवतो. त्याने तो अर्धा केला तर तोच दगड जवळजवळ दीड सेकंद हवेत राहील. म्हणून तर पडद्यावरची फटफटी पतंगासारखी तरंगते. हवेत दोन-दोन कोलांट्या मारते. काही खेळांत तर कोलांटीला बक्षीस असते. जितक्या कोलांट्या, तितका वेळ कमी धरतात.

गाडीचे वजन हाही एक आकडा. रस्त्याची पकड हाही एक आकडा. आणि पडणे? तेही आकडाच. डोके जमिनीला लागले की मोबाइल हिशेब पुसतो आणि मागच्या झेंड्याचे आकडे परत मांडतो. कोणाचे हाड मोडत नाही. कोणाच्या घरी रडारड होत नाही.

फुकट कसे परवडते?

खेळ बनवायला माणसे लागतात, पैसा लागतो. मग तो फुकट कसा? पुष्कळ वेळा त्याचे पैसे जाहिरातवाले देतात. डाव संपला की मध्ये जाहिरात येते. ती आपण पाहिली की पानाच्या मालकाला पैसे मिळतात. यात गैर काही नाही. पण आपला वेळ जातो आणि नेटही खर्च होते.

काही जाहिराती मात्र फसव्या असतात. 'डाउनलोड' असे मोठे बटण दिसते. ते खेळाचेच आहे असे वाटते. आता वरची गोष्ट आठवा. ब्राउझरमधल्या खेळाला वेगळे काही बसवावे लागत नाही. म्हणून खेळताना काही उतरवून घ्या असे कोणी म्हटले, तर सरळ पान बंद करावे. खेळाला आपला फोन नंबर लागत नाही. बँकेचा नंबर लागत नाही. ओटीपी तर मुळीच लागत नाही. 'अलाऊ' असे बटण आले तर ते वाचल्यावाचून दाबू नये. अलाऊ म्हणजे परवानगी देणे. कशाची परवानगी, हे आधी पाहावे.

पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला आहे. नेटवर कोणी पैशाला फसवले तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

रस्त्याला झेंडा नाही

खेळ वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. घटकाभर मन रमते. वेळेवर बोट उचलायची सवय लागते. भीती आहे ती दुसरीच. पडद्यावर शंभर वेळा पडून उठलेल्या पोराला वाटते, आपल्याला गाडी येते. मग ते दारातली बापाची फटफटी काढते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी १ सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे जवळजवळ ५५ फूट. समोर म्हैस आडवी आली, हे ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. तेवढ्यात ५५ फूट संपले! ब्रेक दाबल्यावरही गाडी काही अंतर जातेच. वेग दुप्पट केला तर ते अंतर सुमारे चौपट होते. खडी, मुरूम, चिखल असला तर आणखी वाढते. येथला आकडा कोणी आपल्या मर्जीने बदलू शकत नाही.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या दर शंभरांत सुमारे ४४ जण दुचाकीवरचे होते. त्यांच्यासाठी मागे कोणताही झेंडा नव्हता.

कायदा काय सांगतो, तेही पाहू. गियरची मोटारसायकल चालवायला १८ वर्षे पुरी लागतात. ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीला १६ वर्षे चालतात. पण परवाना दोन्हींना लागतो. २०१९ साली कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते. मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. "पोरगं हुशार आहे, चालवतंय छान," असे कौतुक करण्याआधी हे आठवावे.

घरी काय करावे?

पोराच्या हातातून मोबाइल हिसकावू नका. त्याच्या शेजारी बसा. "मलाही शिकव की," असे म्हणा. एक डाव तुम्ही खेळा. पडाल, हसाल. मग त्याला विचारा, "बाळा, ही गाडी इतका वेळ हवेत कशी राहते रे?" त्याला सांगता आले नाही तर फांदीची आणि दगडाची गोष्ट सांगा. ओढ हा खेळातला एक आकडा आहे, हे त्याला पटू द्या.

डाव किती खेळायचे, ते आधीच दोघांनी ठरवा. ठरले तेवढे झाले की मोबाइल खाली ठेवा. ठरलेले तुम्हीही पाळा बरे का! गाडीची किल्ली मात्र खुंटीला लटकवू नका. ती आपल्याजवळ ठेवा.

आणि उद्या तुम्ही स्वतः फटफटीवर निघाल, तेव्हा हेल्मेट घाला. हनुवटीखालचा पट्टा आवळा. मागे कारभारीण बसली असेल तर तिलाही हेल्मेट द्या. पोर दारातून बघत असते. पडद्यावरून शिकते त्याहून जास्त ते तुमच्याकडे बघून शिकते.