संगणकाच्या भाषा आणि हाताचे वळण

अंबरनाथ पूर्वेकडून सकाळी स्टेशनाची वाट धरणाऱ्या तरुण मंडळींत संगणकासाठी आज्ञावली लिहिण्यावर उपजीविका करणारे कित्येकजण असतात. ऐरोलीस किंवा घणसोलीस पोहोचावयाचे तर ठाण्यापर्यंत अर्धा-पाऊण तास, आणि तेथे गाडी बदलून पुढचा प्रवास. बसावयास जागा मिळेलच असे नाही. हा वेळ फुकट जाऊ नये म्हणून कानांत इअरफोन घालून आपल्या व्यवसायासंबंधीची व्याख्याने ऐकण्याचा परिपाठ त्यांच्यापैकी अनेकांनी ठेवला आहे. अमुक भाषा आता जुनी झाली, तमुक भाषा शिकल्यावाचून गत्यंतर नाही, असे सांगणाऱ्या व्याख्यानांना तर तोटाच नाही. परंतु अशी दहा-वीस व्याख्याने ऐकूनही टेबलापाशी बसल्यावर हात पूर्वीसारखाच अडखळतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. व्याख्याने वाईट असतात म्हणून असे होते, असे मात्र नव्हे. भाषा ही एक गोष्ट, आणि ती लिहिणाऱ्या हाताचे वळण ही दुसरी. पहिली कानाने कळते, दुसरी कानाने लागत नाही.

संगणकाची भाषा म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. यंत्रास स्वतःस शून्य आणि एक ह्या दोन चिन्हांपलीकडे काही कळत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला, तेव्हा त्याच्याकडून गणित करवून घेणारास यंत्राच्याच संकेतांत आज्ञा मांडाव्या लागत. त्याच्या स्मृतीत चाळीस अंकस्थानांचे २०४८ शब्द मावत. आजच्या साध्या मोबाइलमधील एका छायाचित्रासही एवढी जागा पुरणार नाही. कोणती संख्या कोठे ठेवली ह्याचा हिशेब माणसाने ठेवावयाचा, आणि एक चिन्ह चुकले की सारे गणित चुकावयाचे. पुढे १९६४ मध्ये त्याच संस्थेत 'सीडीसी ३६००' हे मोठे यंत्र आले व फोरट्रान भाषेत आज्ञा लिहिण्याची सोय झाली. अमेरिकेत १९५७ मध्ये तयार झालेल्या ह्या भाषेत बीजगणितातल्यासारखी समीकरणे मांडता येत, आणि त्यांचे यंत्राच्या संकेतांत रूपांतर यंत्रच करी. म्हणजे संगणकाच्या भाषा यंत्राच्या सोयीसाठी नव्हेत, माणसाच्या सोयीसाठी जन्मास आल्या. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर कोणती भाषा श्रेष्ठ ह्या वादातील निम्मा आवेश ओसरेल.

प्रत्येक भाषा माणसाच्या एखाद्या सवयीस आवर घालते आणि एखादीस मोकळे सोडते. १९७२ च्या सुमारास सिद्ध झालेली 'सी' भाषा यंत्राची स्मृती जवळजवळ संपूर्णपणे लिहिणाराच्या हाती देते. त्यामुळे काम वेगाने होते, आणि चूकही तितक्याच मोकळेपणाने होते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली 'पायथन' भाषा ओळीच्या आरंभी किती जागा सोडली ह्यावरून अर्थ ठरविते; म्हणून गबाळ्या मांडणीस तेथे थारा नाही. (शुद्धलेखनाच्या वहीत समास सोडावयास लावणारे जुने शिक्षक ही भाषा पाहून संतुष्ट झाले असते.) भाषा घडविणारांच्या हातूनही चुका होतात, ह्याचे एक प्रांजळ उदाहरण व्याख्यानांच्याच इतिहासात आहे. टोनी होअर ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये एका भाषेची रचना करताना, जेथे वस्तूचा पत्ता असावयाचा ती जागा रिकामी ठेवण्याची मुभा दिली, कारण तसे करणे सोपे होते. पाकिटावर पत्ताच नाही, आणि पोस्टमनास तर ते पोचवून येण्याची आज्ञा, असा प्रकार त्यातून होऊ लागला; तेथे आज्ञावली कोसळते. पुढे अनेक भाषांनी हीच रीत उचलली. २००९ मध्ये लंडन येथे भरलेल्या आज्ञावलीकारांच्या परिषदेत होअर ह्यांनी ही आपली अब्ज डॉलरांची चूक असल्याचे स्वतः उभे राहून सांगितले. आपल्या भाषेची थोरवी गाणारी शंभर व्याख्याने एका पारड्यात घातली तरी हे एक व्याख्यान जड भरेल.

मग काटेकोर भाषा निवडली म्हणजे निर्धास्त व्हावे काय? ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील कूरू येथून 'एरियान ५' हे युरोपीय अग्निबाण प्रथमच सोडण्यात आले, आणि चाळीस सेकंदांच्या आतच ते मार्ग सोडून आकाशात फुटले. त्यातील दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली 'अ‍ॅडा' भाषेत होती, आणि कडक शिस्तीची भाषा म्हणून तिचा लौकिक आहे. ही आज्ञावली आधीच्या 'एरियान ४' वरून तशीच उचललेली होती. नवे अग्निबाण अधिक वेगाने आडवे सरकू लागताच त्या वेगाशी संबंधित एक संख्या ३२७६७ ह्या मर्यादेपलीकडे गेली. तिच्यासाठी राखलेल्या जागेत ती मावली नाही, आणि यंत्रणा बंद पडली. मदतीस दुसरी यंत्रणा होती; पण तिच्यातही तीच आज्ञावली असल्यामुळे ती त्याच कारणाने बंद पडली होती. विशेष म्हणजे गणिताचा तो भाग नव्या अग्निबाणास उड्डाणानंतर लागतच नव्हता. जुने काम नव्या ठिकाणी वापरताना नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून त्याचा ताळा कोणी पाहिला नव्हता.

ताळा हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजला आहे. पाटीवर बेरीज केली की ताळा पाहावयाचा, ही प्राथमिक शाळेतील सवय आज्ञावलीकाराच्या धंद्यात 'टेस्ट' ह्या नावाने परत येते, आणि शाळेतल्याप्रमाणेच तिचा कंटाळाही परत येतो. एक साधे उदाहरण घ्या. दिलेले वर्ष लीप वर्ष आहे की नाही हे सांगणारी आज्ञावली नवशिक्यास लिहावयास दिली, तर चाराने भाग जातो काय एवढेच तो बहुधा पाहतो. २०२३ घालून पाहिले, उत्तर बरोबर. २०२४ घातले, बरोबर. तो समाधानाने उठतो. २००० घातले तरी उत्तर बरोबरच येते, आणि ही बरोबर आलेली उत्तरेच घातक होत. कारण १९०० ह्या वर्षास चाराने भाग जात असूनही ते लीप वर्ष नव्हते. शतकाच्या वर्षास चारशेने भाग गेला पाहिजे, हा नियम त्याच्या आज्ञावलीत नाही. ज्याच्या हातास वळण आहे तो सोपी वर्षे बाजूस ठेवून आरंभीच १९०० घालतो. आपले काम कोठे मोडेल ती जागा स्वतःच शोधावयाची, ही वृत्ती कोणत्याही भाषेच्या व्याकरणात लिहिलेली नाही.

दुसरी सवय वाचनाची. 'सी' भाषेत एक अर्धविराम राहिला तर पडद्यावर कधी कधी दोषांच्या दहा-वीस ओळी उमटतात. नवशिका शेवटची ओळ पाहून गांगरतो, आणि दिसेल तेथे बदल करीत सुटतो. वस्तुतः पहिली ओळ शांतपणे वाचून तेवढाच दोष दुरुस्त केला की पुष्कळदा बाकीच्या ओळी आपोआप नाहीशा होतात. नावे ठेवण्याचेही तसेच. खात्यातील शिल्लक दाखविणाऱ्या जागेस 'क्ष' म्हटले तर यंत्राची हरकत नसते. पण सहा महिन्यांनी ती ओळ वाचणारा माणूस, आणि तो बहुधा स्वतः लिहिणाराच असतो, कपाळावर हात मारून घेतो. केलेल्या प्रत्येक बदलाची कारणासह नोंद ठेवणे हेही ह्यातच आले. त्यासाठी २००५ पासून 'गिट' नावाचे साधन उपलब्ध आहे. एका अंकाने केवढा फरक पडतो, हे अंबरनाथकरांस तरी दूर जाऊन पाहावयास नको. गावातील प्राचीन शिवमंदिराच्या शिलालेखातील शक प्रथम ७८२ असा वाचला गेला होता. पुनर्वाचनात तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचे ठरले. शतकस्थानाचा एकच अंक, आणि मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले.

आता प्रश्न राहतो तो असे वळण लावणारे व्याख्यान कसे असावे हा. पवई येथील आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य ह्यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम चालू झाला. त्यात सुमारे दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ असून सी, पायथन इत्यादी भाषांचे पाठ मराठी निवेदनातही मिळतात. प्रथम पाठाची संहिता लिहितात. ती त्या विषयात नवख्या असलेल्या माणसास देऊन त्यास समजते की नाही हे पाहतात. मग ध्वनिमुद्रण होते. (जाणत्याकडून तपासून घेणारे पुष्कळ असतात, अजाणत्याकडून तपासून घेण्याची ही रीत पाठ्यपुस्तककारांनीही उचलण्याजोगी आहे.) पडद्यावरील आज्ञा इंग्रजीतच राहतात, कारण यंत्र त्याच ओळखते; त्यांचे कारण मात्र मराठीत ऐकू येते. मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण येथेच असते. इंग्रजी आज्ञा चार दिवसांत पाठ होतात. परंतु अमुक आज्ञा येथेच का, ह्याचा उलगडा परक्या भाषेत निसटला की तो पुढे घोकंपट्टीवर निभावून नेऊ पाहतो, आणि नोकरीच्या मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नास अडतो. तथापि मराठी निवेदनात 'लूप'सारख्या रूढ शब्दास दुर्बोध संस्कृत पर्याय योजण्याचा हट्टही नको. तसे केल्यास एका परक्या भाषेऐवजी दोन होतात.

ह्या पाठांची दुसरी अट अशी की अर्ध्या पडद्यावर पाठ चालू ठेवावयाचा आणि उरलेल्या अर्ध्यात तीच कृती स्वतः करावयाची. अडले की पाठ थांबवावयाचा. गर्दीच्या डब्यात एका हाताने कडी धरून उभे असता हे होणे नाही. तेथे फार तर व्याख्यान ऐकावे, आणि त्यातील एकच गोष्ट घरी करून पाहण्यासाठी ध्यानात ठेवावी.

२०२२ च्या अखेरीपासून, साध्या बोलीत मागणी केली की आज्ञावली लिहून देणारी साधने सर्वांच्या हाती आली आहेत, आणि आता हे सारे शिकावयाचे तरी कशास, असा प्रश्न त्याच डब्यात ऐकू येतो. ती साधने लीप वर्षाची आज्ञावली क्षणार्धात लिहून देतात. ती शाबीत होण्यापूर्वी तीत १९०० हे वर्ष घालून पाहण्याचे काम मात्र रात्री आठच्या गाडीने अंबरनाथास उतरून, जेवण आटोपून पुन्हा टेबलापाशी बसणाऱ्या माणसाकडेच राहिले आहे.