शुश्रूषेचा भार

मध्यरात्री सारे गाव निद्राधीन असते, तेव्हाही रुग्णालयातील परिचारिका जागी असते. कोणाचा ताप मोजावयाचा, कोणास औषध द्यावयाचे, हे सारे तिला वेळच्या वेळी करावे लागते. दिवसा जागावे व रात्री निजावे, हा देहधर्म आहे. रात्रपाळीत तो मोडतो. आणि दिवसाच्या झोपेने शीण पुरता जात नाही. शिवाय रुग्णांचे कण्हणे ऐकताना, प्रसंगी मृत्यू पाहतानाही, तिला मुद्रा शांत ठेवावी लागते. एकाच परिचारिकेकडे फार रुग्ण सोपविले, म्हणजे हा भार असह्य होतो. मन विटते, लक्ष ढळते आणि औषधाच्या मात्रेत चूक होण्याचा संभव वाढतो. म्हणजे तिचा शीण अखेर रुग्णालाच बाधतो.

अतिताणाने येणाऱ्या अशा शीणाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात केली. मात्र तो रोग नव्हे, कामातून उद्भवणारी अवस्था होय, असे तिने स्पष्ट केले. म्हणूनच केवळ धीराचा उपदेश पुरत नाही. पुरेशा परिचारिका, नियमित विश्रांती व सहकाऱ्यांचा आधार, हेच खरे उपाय होत. मुलांनो, रुग्णालयात जाल तेव्हा हळू बोला व परिचारिकेस उगाच खोळंबवू नका. तिचा भार तेवढाच हलका होईल.