कंबर कुणी मोजलीच नाही

परवा भाचीचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी शुगर ९२, ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी १६८. वजन चोपन्न किलो, म्हणून आजवर कुणाला शंकाच आली नव्हती. दुसरी चाचणी मी हट्टाने करायला लावली. तिच्या पीसीओडीच्या फायलीत अंडाशयांची लांबी-रुंदी मिलिमीटरपर्यंत होती, कंबरेचा घेर मात्र कुठेच नव्हता.

पीसीओडीचा, म्हणजे पाळी चुकवणाऱ्या या विकाराचा, जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी त्याचं वर्णन केलं आणि पुढे कित्येक वर्षं सगळे अंडाशयाकडेच बघत बसले. पीसीओडी असलेल्या बायकांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेलं असतं, हे १९८० साली नोंदलं गेलं. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग ते आणखी स्रवतं आणि अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं वाढवायला लावतं.

माझं स्वतःचं पीसीओडीचं दशक २००४ ते २०१४. आमच्या मोहोळात पाळी तीन-तीन महिने चुकली की आधी घरात कुजबुज, मग सोलापूरच्या दवाखान्याची फेरी. ‘लग्न झालं की होईल सुरळीत,’ हे मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं. गोळ्यांनी पाळी आली, आई निश्चिंत झाली. मानेच्या घड्यांत काळपट, मखमली पट्टा उमटला होता. तो वाढलेल्या इन्सुलिनचा इशारा होता आणि आम्ही तो मळ समजून बेसन लावून घासत होतो. माझ्या कंबरेची नोंद होती ती फक्त शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या वहीत. दर दिवाळीला त्या ड्रेस इंचभर सैल शिवायच्या.

त्याच २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यावर विसंबू नका, हे पुण्यातून इतक्या स्पष्टपणे सांगितलं गेलं होतं. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात. ती सोलापूरच्या त्या दवाखान्यात मला कुणी सांगितली नाही.

ज्या मोहोळात मालदांडी ज्वारीचं ३५-१ वाण निवडलं गेलं, तिथल्या मुली आता चहात खारी बुडवून कॉलेजची एसटी गाठतात. भाकरी गेली याचं मला दुःख आहे, पण सगळं खापर मुलींच्या खाण्यावर फोडणाऱ्यांचा जास्त राग येतो. वय आणि वजन कितीही असो, पीसीओडीचं निदान होताच शुगर तपासा, त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी सर्वांत अचूक, असं २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सोनोग्राफी लगेच लिहून देणाऱ्यांना ही चाचणी लिहायला आणि कंबरेला टेप लावायला अजून वेळ का मिळत नाही, याचं उत्तर मला हवं आहे.