माघातली पानगळ

दसरा-दिवाळीच्या दिवसांत अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी घरांतून लालकेशरी मेपलचे फोटो इकडे येऊ लागतात. त्याच दिवसांत सह्याद्रीच्या उतारांवर आणि विदर्भाच्या जंगलात साग, ऐन, पळस अजून हिरवेगार असतात. इंग्रजी 'ऑटम'साठी आपण बिनदिक्कत 'शरद' म्हणतो, घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, भरल्या पानांचा काळ. पानगळ आपल्याकडे शिशिराची, माघ-फाल्गुनाची. हा तीन-चार महिन्यांचा फरक पंचांगापुरता नाही, त्यात पानगळीचे कारणच दडलेले आहे. तिकडचे झाड गोठवणाऱ्या थंडीची तयारी करते, आपले झाड कोरड्या उन्हाळ्याची.

पान वाळते म्हणून गळते, ही समजूत मात्र दोन्हीकडे सारखीच पक्की आणि सारखीच चुकीची आहे. राबासाठी तोडलेली ऐनाची डहाळी पाहावी. तिची पाने वाळून कोळ होतात, तरी देठाला घट्ट चिकटून राहतात. पान गाळायला झाड जिवंत लागते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पानाकडून येणारे ऑक्सिन हे संप्रेरक कमी झाले आणि इथिलीनचा प्रभाव वाढला, की तिथली विकरे पेशींना जोडणारा लगदा विरघळवतात आणि फांदीच्या बाजूला बुचासारखा थर जखम बुजवतो. त्याआधी झाड पानातला ऐवज काढून घेते. नत्र आणि स्फुरद यांचा साधारण निम्मा वाटा फांदीत परत जातो. या आवराआवरीत हरितद्रव्य मोडते आणि आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी, तो बहुधा नव्याने तयार होतो. निरोपाच्या पानावर हा खर्च कशाला? हॅमिल्टन आणि ब्राउन यांनी 2001 मध्ये मांडले, की भडक रंग हा किडींना दिलेला इशारा असावा. दुसरे मत असे, की हरितद्रव्य मोडत असताना उन्हाचा मारा झेलायला हा लाल पडदा लागतो. मला हे दुसरे मत अधिक पटते. थंडी तर या लाल रंगाला आवश्यक नाहीच, कोकण किनाऱ्यावरचा देशी बदाम दव गोठल्याशिवायच लालभडक होतो.

आता पाण्याकडे येऊ. महाराष्ट्राचा बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, उरलेले आठ महिने झाड जमिनीतल्या ओलीवर काढते. सागाचे पान ताटाएवढे, त्याच्या असंख्य रंध्रांतून पाणी सतत उडत राहते. ओल सरत आली, की असे पान पोसणे तोट्याचे ठरते. मुरमाड उतारावरचा साग लवकर उघडा पडतो आणि ओढ्याकाठचा साग पाने धरून राहतो, हे रानात वावरणारा कोणीही सांगेल. त्याच ओढ्यात पाय रोवलेले जांभूळ बारमाही हिरवे असते. मुंबईच्या हवेत पाणी कधीच गोठत नाही, तरी तिथले सावर आणि पांगारे निष्पर्ण होतात.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर संशोधकांनी जंगलाच्या तुकड्यांना कोरड्या ऋतूत मुद्दाम पाणी दिले. 1990 मध्ये आलेले निष्कर्ष असे होते, की बहुतेक जातींच्या पानगळीची वेळ त्यामुळे हलली नाही. मग कारण पाणी कसे? ते जंगल आपल्या पानझडी रानापेक्षा ओले आहे, ही गोष्ट एक. शिवाय मुळाशी पाणी घातले तरी वरची हवा कोरडीच राहते. पण महत्त्वाचे हे, की कारण आणि खूण यांत गल्लत नको. हजारो पिढ्या ठरावीक वेळी कोरड सोसलेल्या जातीने दिवसाच्या लांबीवरून किंवा पानाच्या वयावरून आधीच हालचाल केली, तर ते तिच्या हिताचेच आहे. संकट अंगावर येईपर्यंत थांबणाऱ्या झाडाला पानातला ऐवज परत घ्यायला वेळच उरणार नाही.

दुसरा आक्षेप त्याहून अवघड. पाणी वाचवायचे होते तर कुसुम आणि पिंपळ ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तांबूस पालवी का फोडतात? पाने गेली की पाण्याचा खर्च थांबतो, खोल मुळांनी ओढलेले पाणी खोडात पुन्हा भरते आणि त्याच शिलकीवर पालवी फुटते. एवढी घाई कशासाठी, याचे एक उत्तर मुदुमलाईच्या जंगलातून मिळते. तिथे मुरली आणि सुकुमार यांना 1993 च्या अभ्यासात आढळले, की आधी पालवलेल्या झाडांना किडींचा उपद्रव कमी होतो. पावसाबरोबर किडे वाढतात तोवर ती पाने निबर झालेली असतात आणि पहिल्या सरीपासून कामाला लागतात. साग मात्र पावसाच्या आसपासच पालवतो, सगळ्यांचा हिशेब एक नाही.

म्हणून मुलांच्या पुस्तकांत ऋतूंची चित्रे काढणाऱ्यांना एकच विनंती. पानगळीच्या पानावर मेपल नको. माघातला उघडा साग काढा, शेजारी बिनपानांचा फुललेला पळस काढा, आणि खाली महिन्याचे नाव मराठीत लिहा.