जीपला दुसरं इंजिन बसवलं, पण हिटरच्या दोन नळ्यांचं काय?

गावाकडं जुनी जीप सहसा भंगारात जात नाही. चासी दणकट असते, पाटे बदलता येतात, पत्रा ठोकून रंगवता येतो. जातं ते इंजिन. मग भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचं चालू इंजिन आणून त्यात बसवलं जातं. विलीज जातीच्या पेट्रोल जीपमध्ये मूळचं हरिकेन इंजिन २,१९९ सीसीचं. ते काढून २,११२ सीसीचं प्यूजो जातीचं डिझेल बसवलेल्या जीपा आजही बाजारच्या दिवशी भाजी, माणसं आणि शेरडं वाहताना दिसतात.

इंजिन बदलताना फाउंडेशन, गिअरबॉक्स, सायलेन्सर, रेडिएटर या सगळ्यांचा विचार होतो. शेवटी इंजिनावर दोन बारीक तोंडं उरतात. ती हिटरची. "आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय" म्हणून मिस्त्री त्यात बोल्ट ठोकतो किंवा नळीला गाठ मारून तार आवळतो. गाडी सुरू होते, गावात चालतेही. पुढे उन्हाळ्यात भरलेली गाडी घाट चढताना काटा लाल पट्टीत जातो, हेड गॅसकेट उडतं, आणि दोष मात्र रेडिएटरला दिला जातो.

ही दोन तोंडं कशासाठी असतात ते आधी पाहू.

इंजिनात वॉटर पंप पाणी फिरवतो. गॅरेजवाले याला वॉटर बॉडी म्हणतात. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो, म्हणून पाणी रेडिएटरकडे जात नाही, इंजिनातल्या इंजिनातच फिरतं. पाणी साधारण ८० ते ९० अंशांवर गेलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि रेडिएटर कामाला लागतो. हिटर हा याच पाण्यावर चालणारा एक लहानसा रेडिएटर. बहुतेक इंजिनांत हेडवरून किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळून गरम पाणी निघतं, हिटरच्या जाळीतून फिरतं आणि पंपाच्या ओढीच्या बाजूला परत येतं. एका टोकाला दाब आणि दुसऱ्या टोकाला ओढ, म्हणूनच पाणी वाहतं. विहिरीवरच्या मोटारीची सक्शन आणि डिलिव्हरी ज्याला कळते, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अडचण अशी की काही इंजिनांत हिटरची ही वाट नुसती हिटरची नसते. थर्मोस्टॅट बंद असताना पाण्याला फिरायला तीच एक वाट असते. ती बंद केली तर पाणी हेडमध्ये जागेवर तापत राहतं. थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी उशिरा पोहोचतं, तो उशिरा उघडतो. काटा एकदम वर, मग धपकन खाली, असा झोके खातो. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट खालच्या होस पाईपाच्या बाजूला असतो, तिथं तर हिटरकडून परत येणाऱ्या पाण्यावरही तो हेडचा ताप ओळखतो. ती नळी बंद केली म्हणजे त्याचे डोळेच बांधले.

मग बंद करायचं की जोडायचं?

इंजिन गाडीत उतरवण्याआधी, ते जमिनीवर असतानाच हे पाहून घ्या. थर्मोस्टॅटच्या घरापासून वॉटर पंपापर्यंत हिटरव्यतिरिक्त वेगळी आखूड नळी किंवा ओतीव कामातच भोक आहे का? असेल तर इंजिनाला स्वतःचा बायपास आहे. हिटर नको असेल तर दोन्ही तोंडं आट्याच्या पितळी प्लगनं बंद केली तरी चालतं. थर्मोस्टॅट खालच्या बाजूला असेल तेवढं मात्र करू नका. नळीत बोल्ट घालून क्लिप आवळणं हा उपाय नव्हे, तो कधीतरी उडतोच.

वेगळा बायपास नसेल, किंवा खात्री नसेल, तर दोन्ही तोंडं एकाच नळीनं एकमेकांना जोडा. मिस्त्री याला लूप म्हणतात. लूपमध्येही एक खोच आहे. हिटरची जाळी पाण्याला थोडं अडवते, मोकळी नळी अडवत नाही. त्यामुळं बरंच गरम पाणी रेडिएटरला न जाता परत पंपात येतं. हिवाळ्यात हे कळत नाही, पण एप्रिलमध्ये चढावर कळतं. म्हणून नळीच्या आत ६ ते ८ मिलिमीटर भोक असलेला पितळी तुकडा बसवतात. लेथवर तो दहा मिनिटांत होतो.

हिटर ठेवायचा असेल तर उत्तमच. आपल्याकडं त्याचा खरा उपयोग थंडीपेक्षा पावसाळ्यात होतो. माळशेज किंवा वरंध घाटात धुक्यात आतून काच धरते, तेव्हा फडक्यानं पुसत एका हातानं गाडी चालवण्यापेक्षा काचेवर सोडलेली गरम हवा कितीतरी बरी. शिवाय चढावर इंजिन तापू लागलं तर हिटर पूर्ण सोडला की थोडी उष्णता तिकडं निघून जाते. आत बसणाऱ्यांना घाम फुटेल, पण गाडी बाजूला घेईपर्यंत तेवढा आधार होतो.

जुनी जाळी आणि नवं इंजिन जोडताना माप जुळेलच असं नाही. हिटरच्या नळ्या बहुधा १६ किंवा १९ मिलिमीटरच्या असतात. एका टोकाला १६ आणि दुसऱ्याला १९ असेल तर मध्ये पितळी रिड्युसर घ्या. मोठी नळी लहान तोंडावर घालून क्लिप पिळली की ती चुणी पडून गळते. तोंडं इंजिनाच्या उलट्या बाजूला आली असतील तर लांबच लांब रबर फिरवू नका. हेडच्या मागून लोखंडी पाईप वाकवून न्या आणि टोकाला फक्त आखूड रबर ठेवा. पाईपाच्या टोकाला उंचवटा काढून घ्या, म्हणजे नळी सुटत नाही. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून चार बोटं तरी अंतर ठेवा. पत्र्यातून नळी आत जाते तिथं रबरी गोट बसवा, नाहीतर जीपच्या हादऱ्यानं पत्रा नळी कापतो.

परतीची नळी पंपाच्या ओढीच्या बाजूलाच, म्हणजे खालच्या होस पाईपाच्या बाजूला आली पाहिजे. ती वरच्या होस पाईपात जोडली तर दोन्हीकडं जवळपास सारखाच दाब होतो आणि हिटरमध्ये पाणी सरकतच नाही. इंजिन बदललेल्या गाडीत "हिटर चालत नाही" या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण.

ठिबकची नळी चालत नाही

शेतकऱ्याच्या घरी १६ मिलिमीटरची ठिबकची लॅटरल पडलेली असतेच. माप जुळतं, जॉइनरही मिळतात, आणि वेळ मारून न्यायला ती लावलेली काही गाड्यांत दिसते. हे धोक्याचं आहे. ठिबकची नळी प्लॅस्टिकची, गार पाण्यासाठी केलेली. ९० अंशांच्या पाण्यात ती मऊ पडते आणि दाबानं फुगते. जीपमध्ये हिटर पायांच्या अगदी वर असतो. नळी आत फुटली तर ते पाणी थेट चालवणाऱ्याच्या पायावर येतं, आणि त्या क्षणी ब्रेक दाबायला पाय राहत नाही. डिझेलची नळीही लावू नये, तिचं रबर तेलासाठी असतं. दुकानात हिटर होस म्हणूनच मागा; ते ईपीडीएम रबराचं असतं. त्याला मात्र तेल चालत नाही, इंजिनाचं तेल ठिबकत राहिलं तर ते फुगतं.

रेडिएटरच्या झाकणाकडंही लक्ष द्या. जुन्या जीपचं झाकण कमी दाबाचं असतं, नव्या इंजिनांना बऱ्याचदा ०.९ बारचं लागतं. त्या दाबाखाली पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून इंजिनाला ते चांगलं. पण तीस-चाळीस वर्षांच्या पितळी जाळीचे डाग एवढा दाब सोसतीलच असं नाही. आधी रेडिएटरवाल्याकडून जाळी हवेच्या दाबावर तपासून घ्या. गाडीत गोडसर वास येणं, काचेवर चिकट धुकं बसणं, पायाखालची मॅट ओली होणं, ही जाळी गळत असल्याची लक्षणं.

पाणी भरताना अर्धी कामं बिघडतात. हिटर उंचावर असल्यानं त्यात हवा अडकते. गाडीचं तोंड चढाकडं करून उभी करा. हिटरचा कॉक पूर्ण उघडा. झाकण काढून, इंजिन गार असतानाच भरायला सुरुवात करा. मग इंजिन हळू चालू ठेवा, पाणी खाली जाईल तसं भरत राहा, वरचा होस पाईप गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला असं समजा. त्यानंतर हिटरच्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावा. दोन्ही गरम तर काम झालं. एक गरम आणि एक गार तर कॉक बंद आहे, जाळी तुंबली आहे किंवा हवा आहे. दोन्ही गार तर पाणी कमी आहे किंवा जोडणी चुकली आहे. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका.

बोअरचं पाणी भरू नये. त्यातले क्षार किटलीसारखे जाळीत बसतात आणि हिटरच्या बारीक नळ्या आधी बंद होतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. हेड अॅल्युमिनियमचं आणि रेडिएटर पितळेचा असेल तर नुसत्या पाण्यानं हेड खायला लागतं. जुनं काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री चाटतात, वासरंही.

"गाडी तापते तर थर्मोस्टॅट काढून टाक" हा सल्ला सर्रास मिळतो. काही थर्मोस्टॅट उघडताना खालच्या चकतीनं बायपास बंद करतात. असा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि गाडी आणखीच तापते. दुसऱ्या प्रकारात इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त पितं आणि हिटर कोमट हवा देतो.

आणि कागद. इंजिन बदललं की आरसीवरचा इंजिन नंबर जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारा, कारण प्रत्येक बदलाला परवानगी मिळतेच असं नाही. ज्याच्याकडून इंजिन घ्याल त्याच्याकडून नंबरासह पक्की पावती घ्या. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.