पंधरा लाथा, एकही लागली नाही!

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणाचे आई, बाबा किंवा काका सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत का? असतील तर ते घरी आले, चहा झाला, की त्यांना एक प्रश्न विचारा. मशीन बिघडायला लागलंय, हे आधी कशावरून कळतं? बहुतेक जण सांगतील, आवाजावरून! रोजचा ठेका कानात इतका मुरलेला असतो की तो जरासा चुकला तरी मान आपोआप वळते. हा ठेका लक्षात ठेवा हं. आज तो आपल्याला एका व्हिडिओ गेममध्ये लागणार आहे.

गेमचं नाव 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९९ साली आणला. पडद्यावर दोन लढवय्ये आणि वरच्या बाजूला प्रत्येकाच्या ताकदीची पट्टी. पट्टी संपली की खेळ खल्लास! समोरून लाथ आली तर दांडी मागे ओढायची, की आपला गडी मार अडवतो. पण इथेच खरी मेख आहे. साध्या लाथाबुक्क्या फुकटात अडतात. खास, मोठे डाव मात्र अडवले तरी ताकद थोडी थोडी झिजतेच.

म्हणून जाणकार खेळाडू एक अवघड युक्ती वापरतात. तिचं नाव पॅरी. शब्द तलवारबाजीतला आहे. मार बसणार त्याच क्षणी दांडी मागे नाही, तर पुढे, थेट मारणाऱ्याच्या दिशेने, टिचकी मारल्यासारखी हलवायची. जमलं तर ताकद तसूभरही कमी होत नाही. आणि चुकलं तर? अख्खा मार अंगावर!

वेळ किती मिळतो म्हणाल, तर गेममध्ये सेकंदाला ६० चित्रं सरकतात. मार बसण्याआधीच्या फार तर १० चित्रांत दांडी हलली पाहिजे. म्हणजे सेकंदाचा सहावा भाग!

तो केवढा, हे घरीच बघा. मित्राला ३० सेंटिमीटरची फूटपट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. खाली शून्याजवळ तुमचा अंगठा आणि बोट उघडं ठेवा. तो न सांगता पट्टी सोडेल, तुम्ही पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला सुमारे ०.२ सेकंद लागले. सेकंदाच्या सहाव्या भागात पट्टी जेमतेम १४ सेंटिमीटर पडते. त्याच्या आत पकडणारा वाघच म्हणायचा! आता मित्राला सांगा, "एक, दोन, तीन" म्हण आणि बरोबर तीनला सोड. बघा, पट्टी कितीतरी आधी हातात येते. बोटं काही वेगवान झाली नाहीत. ठेका आधीच कळला, एवढंच.

आता २००४ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात जाऊ. 'इव्हो' नावाची स्पर्धा. एकीकडे अमेरिकेचा जस्टिन वाँग, त्याची लढवय्यी चुन-ली. दुसरीकडे जपानचा दाइगो उमेहारा, वय २३, त्याचा गडी केन. केनची ताकद जवळजवळ संपलेली. एक मोठी लाथ नुसती अडवली तरी तो आडवा होणार. जस्टिनला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने चुन-लीचा मोठा डाव सोडला. एकापाठोपाठ एक १५ लाथा!

दाइगोने दांडी पुढे हलवली. एकदा नव्हे, प्रत्येक लाथेला वेगळी. त्या लाथा एकसारख्या वेगाने येत नाहीत, मध्ये किंचित खंड पडतो. तोही पाठ असावा लागतो. आणि पहिली लाथ तर डाव सुटल्या सुटल्या येते, ती बघून दांडी हलवू म्हटलं तर उशीर झालाच! म्हणजे जस्टिन आत्ता हा डाव सोडणार, हे त्याने आधीच ओळखलं होतं. लाथा मोजता मोजता प्रेक्षक किंचाळायला लागले. शेवटची लाथ केनने उडी मारून हवेतच परतवली आणि उलटा मार देऊन सामना खिशात घातला. माझ्या मते मोठं कौतुक पंधरा लाथांचं नाही, त्या पहिल्या लाथेचं आहे.

गंमत म्हणजे दाइगो ती स्पर्धा जिंकलाच नाही. अंतिम फेरीत त्याला जपानच्याच केंजी ओबाताने हरवलं. पण आजही लोक व्हिडिओ बघतात तो त्या पंधरा लाथांचा.

हे खेळ आता आशियाई स्पर्धांतही पोचले आहेत. २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊला 'स्ट्रीट फायटर ५'साठी पदकं होती. आपल्याकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास खेळले. सुवर्णपदक मिळालं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना. वय किती असेल? ४४! तुमच्या बाबांएवढंच की!

तेव्हा फूटपट्टी घरातल्या मोठ्यांच्या हातीही द्या. दिवसभर मशीनचा ठेका ऐकणारे बाबा न सांगता सोडलेली पट्टी किती सेंटिमीटरवर पकडतात आणि 'तीन'ला सोडलेली किती, दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. आणि हो, त्यांच्याआधी आईला संधी द्या बरं का!